कार्ड वाळेपर्यंत

रफूवालीच्या अंगावर लिहिता येत असे.

गंमत नाही, खरोखरच येत असे. सुई उलटी धरायची, नेढ्याच्या बाजूने डाव्या हातावर हलकेच आकडा ओढायचा आणि धागा ओवायला घ्यायचा. ओवून होईतो त्या जागी कातडी फुगून तांबूस रेघ उभी राही: साडेतीन. भोकाची लांबी, बाहीची उंची, गिऱ्हाईक कधी येणार तो वार, सगळं ती मनगटापासून कोपरापर्यंतच्या त्या पाटीवर टिपून ठेवी. थोड्या वेळाने पाटी आपोआप कोरी. गिऱ्हाइकं बघतच राहत. एक कोटवाले आजोबा तर म्हणाले होते, "बाई, माझं नाव मात्र लिहू नका हो हातावर. घरी माझी उलटतपासणी होईल."

"वही घे की गं एक," नवरा म्हणायचा. "अंगाला कशाला कामाला लावतेस?"

"वही चिंध्यांत हरवते. हात हरवत नाही."

हे सगळं बाळंतपणानंतर सुरू झालं. आधी नुसतं अंगावर पित्त उठायचं, दंडावर, पोटावर, नकाशातल्या बेटांसारखं. मग जिथे काही टेकेल तिथे उठायला लागलं: पिशवीचा बंद, खुर्चीची कड, सदऱ्याचं बटण. तळमजल्यावर दवाखाना असलेल्या डॉक्टरांनी एक गोळी दिली होती. ती घेतली त्या दिवशी हात अगदी स्वच्छ राहिला, सुईने कितीही ओढा, काही उठेना. पण डोळे मिटायला लागले आणि एका गिऱ्हाइकाच्या कोटाला तिने आतल्या बाजूऐवजी बाहेरून टाका घातला. तेव्हापासून गोळी बंद. खाज काय, सोसता येते, असं तिने ठरवून टाकलं.

घर म्हणजे दवाखान्याच्या वर, ओळीने तीन खोल्या. पुढचीची खिडकी रस्त्यावर उघडणारी. तिथे खिडकीखाली तिचं टेबल, टेबलावर दिवा आणि भिंग, समोर गिऱ्हाइकांसाठी उंच आरसा. मधल्या खोलीत पलंग आणि पाळणा. मागे स्वयंपाकघर, आणि त्याच्या दाराशी सासूबाईंची खाट.

पाळणा एक होता. आणले होते दोन.

ठमी जुळ्यातली. तिच्या पाठोपाठ मुलगा झाला होता, आणि तो दोन तासही राहिला नाही, म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की रफूवाली तेव्हा शुद्धीवर नव्हती. शुद्धीवर आली तेव्हा कुशीत एक गाठोडं होतं, आणि दुसऱ्याबद्दल बोलायची वेळ निघून गेली होती. नवरा बाहेर कागदांवर सह्या करत होता, त्यानेही पाहिलं नाही. पाहिलं ते एकट्या सासूबाईंनी. घरी आल्यावर कुणी ठरवलं नाही, तरी ठरल्यासारखंच झालं: त्याचा विषय निघायचा नाही. दुसरा पाळणा कुणीतरी नेला. घरातून 'दोघं' हा शब्दच नाहीसा झाला.

रफूचं काम असंच असतं. भोकाच्या कडेचे धागे सोडवून घ्यायचे, त्याच कापडाच्या शिवणीतून चोरलेल्या धाग्यांनी उभं-आडवं विणून काढायचं, आणि वरून बोट फिरवून पाहायचं. डोळ्यांना काही दिसता कामा नये. बोटाला मात्र कळतं.

*

रक्त तपासायचं डोक्यात घातलं नणंदेने. ती व्यायामशाळेत शिकवायची, आणि तिच्या लेखी माणसाचं शरीर म्हणजे दुरुस्तीला आलेलं यंत्र. एका दुपारी ती आली ती हातात पुस्तकाएवढा पुठ्ठ्याचा खोका घेऊनच.

"वहिनी, हे घरच्या घरी करायचं. हिस्टामिन आणि मिथायलेशन. दोन्ही एकाच कार्डावर."

"त्यातलं मला काय कळणार ताई?"

"तुला कळायची गरज नाही. तुझ्या रक्ताला कळतं. हिस्टामिन म्हणजे तुझं हे पित्त उठवणारं द्रव्य. ते किती साठलंय ते बघायचं."

खोक्यात स्पिरिटची फडकी, टोचायच्या दोन टाचण्या, एक पट्टी आणि जाड पांढरं कार्ड. कार्डावर पाच वर्तुळं छापलेली. प्रत्येक वर्तुळ एकेका थेंबाने भरायचं, कार्ड उघड्यावर सपाट ठेवून वाळू द्यायचं आणि लखोट्यात घालून टपालाने धाडायचं.

सासूबाई ठमीला मांडीवर घेऊन बघत होत्या. "जन्मभर सुया टोचून घेते ते फुकट, आणि हे विकत आणून टोचायचं!"

"आई, तू गप्प बस."

"गप्पच आहे मी. मला कोण विचारतंय."

थेंब काही येईना. रफूवालीच्या बोटांची टोकं वर्षानुवर्षं सुया खाऊन चामड्यासारखी झाली होती. शेवटी डाव्या करंगळीतून रक्त आलं, आणि आलं तसं तिने सवयीने करंगळी तोंडात घातली.

"अगं वहिनी! थुंकी नको! चोखू नकोस ना!"

"टोचलं की जातं गं तोंडात आपोआप."

ते पुसून, हात गरम पाण्यात धरून, पुन्हा टोचून, कशीबशी पाच वर्तुळं भरली. ओल्या रक्ताचे पाच गोल ठिपके, पिकल्या बोरांसारखे. नणंदेने कार्ड आरशाशेजारच्या फळीवर ठेवलं, खांद्याच्या वर, आणि बजावलं, "वाळेपर्यंत कुणाचा हात लागता कामा नये."

सासूबाई ठमीला घेऊन मागे गेल्या. रफूवाली खिडकीकडे तोंड करून कामाला बसली. मध्येच तिला मानेवर काहीतरी गार, ओलसर टेकल्यासारखं झालं. तिने हाताने पाहिलं. काही नव्हतं. संध्याकाळी तिने कार्ड न बघताच लखोट्यात सरकवलं.

पुढच्या आठवड्यात कंपनीतून फोन आला. बाईचा आवाज मऊ होता, झोपलेल्या माणसाशेजारी बसून बोलावं तसा.

"नमुना बाद झालाय. कार्डाला बाळाचं बोट लागलंय. शेवटच्या वर्तुळातून रक्त कडेपर्यंत ओढलं गेलंय."

"बाळाचं?"

"ठसा फार लहान आहे हो. आणि जरा रुंद, दोन बोटं जोडून लावल्यासारखा. असं होतं घरी. दुसरं कार्ड पाठवते, ह्या वेळी उंच ठेवा."

ठमी नुकती कुठे बसायला लागली होती, तीही उशांच्या आधाराने. नणंद म्हणाली, "तूच कडेवर घेऊन गेली असशील फळीपाशी." रफूवालीला तसं काही आठवत नव्हतं. पण न झोपलेल्या आईला काय काय आठवत नाही! ती म्हणाली, "गेले असेन."

दुसरं कार्ड कपाटाच्या माथ्यावर वाळलं.

*

त्याच सुमाराला पाठीवरचा हात सुरू झाला.

एका गिऱ्हाइकाची बंडी स्वतः घालून बघताना तिने आरशाकडे पाठ केली, मान वळवली, आणि खांद्याच्या पात्यावर तो दिसला. तळहात. पेढ्याएवढा. बोटं पसरलेली. कातडी फुगून, लालसर होऊन, कुणी साच्यातून काढल्यासारखा नेमका. ठमीला खांद्यावर टाकून थोपटताना तिने हात टेकला असणार, ती मनाशी म्हणाली, आणि हसली. छान दिसत होता.

मग तो रोज दिसायला लागला. कधी कमरेवर, कधी मानेखाली. ठमीला आजी फिरायला घेऊन गेलेली असली तरी. घरात फक्त दिवा, भिंग आणि ती असली तरी. टाका घालताना पाठीत जरा ऊब वाटे, मग खाज, आणि आरशात बघावं तर हात.

तिने कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? की माझ्या पाठीला कुणीतरी धरून उभं असतं?

*

निकाल सांगायलाही तीच मऊ आवाजाची बाई. नणंदेने फोन मोठ्याने लावून टेबलावर ठेवला.

"हिस्टामिन बरंच वाढलेलं आहे. आणि मिथायलेशन मंद."

"म्हणजे काय ते आमच्या वहिनीला सोपं करून सांगा."

"शरीर सारखं काही ना काही लिहीत असतं असं समजा," बाई म्हणाली. "जरा टेकलं, लागलं, की हिस्टामिन तिथे धावतं आणि खूण उठवतं. मग ती खूण पुसायला हवी ना? ते पुसायच्या कामातला एक भाग म्हणजे मिथायलेशन. तुमच्यात लिहिणं भरभर चालतं आणि पुसणं सावकाश."

रफूवालीने विचारलं, "म्हणजे माझं अंग काही सोडत नाही?"

पलीकडून उत्तर आलं, "हो. तसं म्हणता येईल. धरून ठेवतं."

मग पथ्यं आली. आंबवलेलं नको, शिळं नको, टोमॅटो नको, वांगं नको, चीज नको. सासूबाई मागून म्हणाल्या, "मग हवा भरून देऊ का ताटात?" शेवटी बाई म्हणाली, गोळ्यांचं मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि दीड महिन्याने पुन्हा कार्ड पाठवा.

खालच्या डॉक्टरांनी तो निकाल चष्मा वर करून वाचला. "हे अर्धं विज्ञान आहे आणि अर्धी जाहिरात. ह्यावर मी पैजा लावणार नाही. पण परवा ओठ सुजला होता म्हणालात, घसा आवळल्यासारखा वाटला म्हणालात, ती जाहिरात नाही." त्यांनी नवी गोळी लिहून दिली. "हिने झोप येत नाही, बाळाला पाजलं तरी चालतं. रोज एक. टाळाटाळ करू नका. कधी घसा बंद व्हायला लागला तर विचार करत बसू नका, मला हाक मारा. ठमीला मांडीवर घेऊन एकट्या बसलेल्या असता तुम्ही."

गोळ्यांची पट्टी घेऊन ती वर आली. त्या संध्याकाळी पाठीची आग होत होती, म्हणून सासूबाई म्हणाल्या, "ये इकडे, मलम चोळते. सदरा वर कर."

खाटेवर ती पालथी झाली. सासूबाईंचा हात खरखरीत, पण चोळणं हलकं. त्या चोळता चोळता बडबडत होत्या, नळाला पाणी नाही, शेजारणीचं कुत्रं, लेकीचं लग्नाचं वय. मध्येच बडबड थांबली. हातही थांबला.

"हे काय?"

"कुठे?"

"कमरेच्या वर. हात आहे."

"ठमीचा असेल."

"ठमीचा नाही." सासूबाईंचा आवाज एकदम कोरडा झाला. "तुला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं? काय आई?"

सासूबाई उठून मोरीत गेल्या. नळाला पाणी नव्हतं, तरी त्या नळ सोडून उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा चेहरा धुतल्यासारखा ओला होता. त्यांनी बोटाने सुनेच्या पाठीवरची ती खूण सावकाश गिरवली, अंगठा, पहिलं बोट, मधलं, आणि मग शेवटची दोन, एकदमच.

"ही दोन जुळलेली होती त्याची. करंगळी आणि शेजारचं. टोकापर्यंत. मी गुंडाळताना पाहिलं. कुणाला बोलले नाही गं. म्हटलं, आधीच एवढं, त्यात आणखी हे कशाला सांगायचं. डॉक्टरणीलासुद्धा माहीत असेल की नाही कोण जाणे."

रफूवाली पालथीच पडून राहिली. उशीत तोंड. पाठीवर दोन हात होते, एक खरखरीत आणि एक तो.

त्या रात्री तिने पट्टीतून गोळी काढली, तळहातावर घेतली, पाण्याचा पेला उचलला. गोळी अगदी साधी होती, पांढरी, मधे रेघ असलेली. ही घेतली की पाटी कोरी. तिने पेला खाली ठेवला आणि गोळी बटणांच्या डब्यात टाकली. तिथे ती सदऱ्याच्या बटणांत बेमालूम मिसळून गेली.

*

सासूबाईंनी त्यानंतर तो विषय काढला नाही. तिनेही काढला नाही. रोज एक गोळी डब्यात पडत राहिली.

आता ती कामाला बसताना मुद्दाम मधल्या खोलीच्या दाराकडे पाठ करून बसे. मागून खोल गळ्याचा सदरा घाले. तो येई तो दुपारी, सगळं निजलं की. आधी ऊब. मग भार, अगदी थोडा, फुलपाखरू बसल्याइतका. मग ती आरशासमोर जाई आणि मान वळवून खूण उठताना बघे, कोऱ्या कापडावर विणकाम वर यावं तशी. अंगठा, बोट, बोट, आणि ते जोडबोट.

एकदा तिने ठमीचा तळवा कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून घेतला आणि आरशात ताडून पाहिला. दोन्ही सारखे. पुढच्या महिन्यात पुन्हा ताडला. ठमीचा वाढला होता. त्याचाही.

तो वाढत होता.

हे कळलं तेव्हा तिला भीती वाटायला हवी होती. वाटली ती वेगळीच: ह्याला भूक लागत असेल का?

ती त्याच्याशी बोलायला लागली. मोठं काही नाही. "हा निळा धागा बघ, कसा रुसलाय, येतच नाही." "थांब रे, हे एवढं भोक बुजवू दे." एखादं गिऱ्हाईक दारात आलेलं असे आणि बावरून विचारी, "माझ्याशी बोलताय का?"

मात्र अंग फुकट काही देत नव्हतं. खुणा उठत तशा पापण्याही सुजत. ओठ एका बाजूने जाड होई, आणि ती गिऱ्हाइकांना सांगे, मधमाशी चावली. "तुमच्याकडे मधमाश्या फारच झाल्यात," कोटवाले आजोबा म्हणाले. घशात कधी कधी लोकरीचा गुंडा अडकल्यासारखं होई. आवंढा गिळत ती वाट बघे, आणि तो उतरे. आतापर्यंत तरी उतरला होता.

"गोळ्या घेतेस ना?" नणंदेने तिसरं कार्ड टेबलावर ठेवत विचारलं.

"घेते की."

"मग हे तोंड असं का? आरशात बघतेस का कधी?"

रफूवालीला हसू आलं. "बघते की रोज."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या सुनेकडे बघत होत्या, तोंडाकडे नव्हे, मानेकडे. सदऱ्याच्या कडेवर चार बोटांच्या जागी तीन बोटं वर आली होती, एक रुंद. लेकीला काही दिसू नये म्हणून त्यांनी पुढे होऊन सदरा सारखा केला. त्या वेळी त्याही काही बोलल्या नाहीत. पुढे त्या स्वतःला फार बोलल्या त्यावरून.

*

दुपार होती. रस्त्यावर कुणी नव्हतं. सासूबाई मागे खाटेवर पडल्या होत्या, उशाशी रेडिओ लागलेला. रफूवाली खुर्चीत बसून ठमीला पाजत होती. ठमी हल्ली स्वतःचंच तोंड ओरबाडायची, म्हणून तिच्या दोन्ही मुठींना आईने मऊ कापडाच्या पिशव्या शिवून नाडीने बांधल्या होत्या. पिता पिता ती पेंगली. ओठ तेवढे हलत होते.

पाठीला ऊब आली.

"आलास?" ती म्हणाली.

ह्या वेळी हात एका जागी टेकला नाही. तो मानेवरून पुढे आला, गळ्याभोवती, जसं कडेवरचं मूल गळ्याला मिठी घालतं तसा. तिने डोळे मिटले. आजवर त्याने मिठी मारली नव्हती. ती बसून राहिली, हलली तर तो सोडेल म्हणून.

लोकरीचा गुंडा घशात आला आणि ह्या वेळी उतरेना.

जीभ जड झाली. तिने हाक मारायला तोंड उघडलं तर शिट्टीसारखा बारीक आवाज निघाला, तो रेडिओतल्या गाण्यात बुडून गेला. उठावं म्हटलं तर पाय आपले नव्हते. टेबलावरचं भिंग, दिवा, निळा कोट, सगळं दूर दूर जायला लागलं. तिला एकच समजत होतं, की हाताची पकड सुटतेय आणि ठमी मांडीवरून घसरतेय. आणि ठमी तर झोपलीय. हिला काही कळणारच नाही.

गळ्याभोवतालची ऊब एकाएकी निघून गेली.

आणि ठमीने किंकाळी फोडली.

ते रडणं भुकेचं नव्हतं, झोपेचं नव्हतं. अंगात काही घुसावं तसं, श्वास कोंडून, निळी पडून ती ओरडली. रेडिओच्या वर, तिन्ही खोल्या पार. सासूबाई अनवाणी धावत आल्या. त्यांनी आधी नात झेलली, मग सुनेचं तोंड पाहिलं, आणि खिडकीतून खाली डॉक्टरांना अशी हाक मारली की समोरच्या घराच्याही खिडक्या उघडल्या.

डॉक्टरांनी येऊन मांडीत इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने दुसरं. ते बराच वेळ तिचं मनगट धरून बसले. नवऱ्याला कामावरून बोलावून घेतलं. श्वास आत जायला लागला तसा डॉक्टरांचा आवाज चढला. "रोज गोळी घेणाऱ्या बाईचं हे असं व्हायला नको. घेत होता ना?"

सुनेला पाणी पाजायच्या आधी गोळी शोधायला म्हणून सासूबाईंनी टेबलाचा खण उपसला होता, आणि बटणांचा डबा त्यांच्या हातातच होता.

डॉक्टर खाली गेल्यावर त्यांनी डबा पलंगावर पालथा केला. बटणं एकीकडे सारली, गोळ्या एकीकडे.

"हे काय आहे?"

रफूवालीचा आवाज अजून घोगरा होता. "गोळी घेतली की तो जाईल आई."

नवरा दाराच्या चौकटीला धरून उभा होता. "कोण जाईल?"

दोघींपैकी कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. सासूबाईंनी ठमीला पलंगावर निजवलं आणि तिचं झबलं वर केलं. पोरीच्या मांडीवर, आतल्या बाजूला, दोन लहान लाल चंद्रकोरी उमटल्या होत्या, समोरासमोर. मधली कातडी पिळली होती.

"बघ. म्हटलं एवढी का ओरडली."

"स्वतःच्या हाताने..." नवरा म्हणाला.

सासूबाईंनी ठमीची मूठ वर केली. पिशवी जागेवर होती, नाडीची गाठ तशीच. "चिमटा काढलाय. आणि चांगला सणसणीत काढलाय मेल्याने."

'मेल्याने' हा शब्द त्यांच्या तोंडून नेहमीच्या लाडाच्या सवयीने गेला आणि मग खोलीत तसाच राहिला. आधी रफूवाली हसली. घसा दुखत होता तरी हसली. मग सासूबाई हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी तोंडाला पदरासारखा रुमाल लावला.

"त्याला कळलं," त्या म्हणाल्या. "त्याला कळलं की तुझ्या गळ्यात पडून चालायचं नाही. तुला कळेना. घोड्याएवढी झालीस तरी."

"त्याने मला कधी हात लावला नव्हता आई. मी त्याला लावला नव्हता. ते पुसून कसं टाकू?"

"तू काही पुसू नकोस. गोळी पुसेल ती तुझी कातडी. आणि तू गेलीस म्हणजे? मग दोघांनी कुणाच्या अंगावर हात टाकायचा? माझ्या? मला गुदगुल्या होतात."

दोघांनी. नवरा चौकटीतून आत आला आणि जमिनीवर बसला.

सासूबाईंनी गोळी उचलून, फुंकर मारून, सुनेच्या तळहातावर ठेवली. तिने ती घेतली. मग सदरा काढून ती पालथी झाली आणि म्हणाली, "आहे का अजून?"

"आहे. गळ्याशी. दोन्ही हात."

"जाईपर्यंत सांगा ना. तो कसा होता ते."

सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांना सुरुवात सापडेना. मग त्या म्हणाल्या, कानांवर लव होती त्याच्या. पिकल्या फळावर असते तशी. डोळे उघडले नाहीत, पण कपाळाला आठी होती, ह्याला असते तशी, आणि त्यांनी मुलाकडे बोट दाखवलं. वजन काहीच नव्हतं, दोन धुतलेले रुमाल उचलावेत तसं. आणि एकदा जांभई दिली.

"जांभई दिली?" नवरा म्हणाला. त्याने ते तीन-चारदा विचारलं, तेच तेच. "खरंच जांभई दिली होती?"

"एवढी मोठी. म्हटलं, आल्या आल्या कंटाळलास काय रे?"

त्या सांगत होत्या आणि सुनेच्या पाठीकडे बघत होत्या. बोटांच्या कडा आधी विरल्या. मग तळवा. जोडबोट सगळ्यांत शेवटी गेलं. सासूबाईंनी ते गेल्याचं सांगितलं नाही, बोलणं तसंच पुढे चालू ठेवलं. पण तिला कळलं होतं. खाज थांबली होती.

*

आता हात कोरा असतो. रफूवालीने एक वही आणली, ती दोनदा चिंध्यांत हरवली, मग तिने ती टेबलाला दोऱ्याने बांधून टाकली. कोटवाले आजोबा हळहळले. ओठ जागच्या जागी आहे. दुपारी पाठीला अजून कधी कधी ऊब येते, फुलपाखराचा भार येतो. आरशात बघितलं तर काही नसतं. ती बोट फिरवून बघते. बोटालाही काही लागत नाही. तरी ती मान जराशी पुढे वाकवते, जागा करून दिल्यासारखी.

नणंदेचं तिसरं कार्ड पडून होतं. दीड महिना गोळ्या खरोखर घेऊन झाल्यावर एका दुपारी तिने ते काढलं. हात गरम पाण्यात धरले, करंगळी टोचली, पहिला थेंब पुसला. ह्या वेळी तोंडात घातली नाही. पाच वर्तुळं सावकाश भरली.

मग ते घेऊन ती फळीपाशी गेली, थांबली आणि परत आली. पाळण्याशेजारी ठमीला बसवायचं बुटकं स्टूल होतं. त्यावर तिने कार्ड सपाट ठेवलं, ओले गोल वर करून. ठमी आजीच्या खाटेवर, मागे स्वयंपाकघराच्या दाराशी, हातात पिशव्या बांधून झोपलेली होती.

सासूबाई पाणी प्यायला उठल्या होत्या, त्या दारात थबकल्या.

"अगं, खाली कुठे ठेवतेस? वर ठेव. हात लागेल."

रफूवाली टेबलाशी जाऊन बसली होती, खिडकीकडे तोंड करून, दाराकडे पाठ. तिने दिवा लावला, भिंग जवळ ओढलं आणि निळा धागा ओवायला घेतला.

"लागू दे," ती म्हणाली.

सासूबाईंनी स्टूल पायाने हळूच आणखी थोडं पाळण्याकडे सरकवलं आणि मागे जाऊन रेडिओ बंद केला.